लिंकची दलाली, न पाहिलेला माल आणि हलाल रोजी



बारावीचा निकाल लागून महिना-दोन महिने झाले की माझ्या मोबाइलवर जुन्या विद्यार्थ्यांचे ठराविक मेसेज सुरू होतात. ‘सर, अ‍ॅफिलिएट मार्केटिंग करू का?’ ‘सर, ड्रॉपशिपिंग जायज आहे का?’ दहा-बारा वर्षांपूर्वी मुले डी.एड. करू की आयटीआय, असे विचारत असत. आता बी.एड. होऊन तासिका तत्त्वावर शिकवणारे आणि शिक्षक भरतीसाठी पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेले तरुणही हाच प्रश्न विचारतात.

या प्रश्नाला हसणाऱ्यांपैकी मी नाही. नोकरीची खात्री नाही, आखातात जायचे तर एजंटला द्यायला पैसे नाहीत, लूमवर किंवा गॅरेजमध्ये बारा तास उभे राहून हातात येते ते घरभाड्यात जाते. अशा घरातल्या मुलाच्या मोबाइलवर एक तरुण चकचकीत गाडीला टेकून सांगत असतो, की झोपेतही खात्यात पैसे जमा होतात. मुलाने त्याच्यावर विश्वास ठेवला तर दोष एकट्या मुलाचा कसा?

म्हणून हा विषय नीट मांडू या. माझे मत आधीच सांगतो. अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे दलाली. ड्रॉपशिपिंग म्हणजे दुसऱ्याच्या गोदामावर चालणारे दुकान. दोन्ही कामे जुनी आहेत आणि काही अटी पाळून ती हलाल पद्धतीने करता येतात. पण या दोन्हींच्या नावावर एक तिसराच धंदा आपल्या मोहल्ल्यात शिरला आहे. तो म्हणजे हे धंदे ‘शिकवण्याचा’ धंदा. आपल्या मुलांचे पैसे बहुधा तिथेच बुडतात.

दलाली आणि तिचा हिशेब

बाजार समितीत शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याचा पैसा यांची गाठ घालून देणारा दलाल आपल्याला माहीत आहे. अ‍ॅफिलिएट मार्केटिंगमध्ये तेच काम एक लिंक करते. अ‍ॅमेझॉनने अशी योजना १९९६ साली सुरू केली, म्हणजे कल्पना आजची नाही. तुम्ही नाव नोंदवता, तुम्हाला एक सांकेतिक खूण मिळते आणि ती तुमच्या लिंकमध्ये असते. त्या लिंकवरून कोणी दुकानात गेला आणि ठरलेल्या मुदतीत त्याने खरेदी केली, तर कंपनी आपल्या खिशातून तुम्हाला टक्केवारी देते. अ‍ॅमेझॉनच्या बाबतीत ही मुदत साधारणपणे २४ तासांची असते. ग्राहकाला त्यासाठी जादा किंमत मोजावी लागत नाही.

आता शाळेतल्या फळ्यावर करतो तसा हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, तुम्हाला सरासरी ५ टक्के कमिशन मिळते आणि महिन्याला १०,००० रुपये हवे आहेत. म्हणजे तुमच्या लिंकवरून दरमहा २,००,००० रुपयांची विक्री व्हायला हवी. सरासरी खरेदी ८०० रुपयांची धरली, तर २५० खरेदीदार हवेत. लिंक उघडणाऱ्या शंभरांपैकी दोघांनी खरेदी केली असे धरले, तर १२,५०० लोकांनी ती लिंक उघडायला हवी. म्हणजे रोज चारशेहून जास्त लोक, आणि तेही प्रत्येक महिन्यात.

हे अशक्य नाही. पण चारशे लोक रोज तुमचे ऐकायला का येतील? तुम्हाला एखाद्या विषयाचे खरे ज्ञान असेल तरच येतील. माझा एक माजी विद्यार्थी मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. कोणत्या मिक्सरची मोटार लवकर जळते, कोणत्याचे सुटे भाग मिळत नाहीत, हे तो आपल्या साध्या बोलीत व्हिडिओ करून सांगतो आणि खाली लिंक देतो. त्याला महिन्याला तीन-चार हजार मिळतात. दुकान त्याने सोडलेले नाही, आणि सोडूही नये. कारण लोक येतात ते त्याच्या दुकानातल्या अनुभवासाठी. लिंक त्याच्यामागून चालत येते.

ज्याच्याकडे असा विषय नाही, तो काय करतो? न वापरलेल्या वस्तूंचे गोडवे गातो, दुसऱ्याची परीक्षणे उचलतो, घरच्यांच्या ग्रुपवर दिवसाला वीस लिंका टाकतो. आठ दिवसांत चाचा-फुफी त्याला म्यूट करतात.

न पाहिलेल्या मालाचे दुकान

ड्रॉपशिपिंगचे गणित जास्त कठीण आहे. यात तुम्ही वेबसाइट किंवा इन्स्टाग्रामवर वस्तूचा फोटो लावता, ग्राहकाकडून ऑर्डर घेता आणि ती घाऊक पुरवठादाराकडे पाठवता. तो माल थेट ग्राहकाच्या पत्त्यावर रवाना करतो. मधला फरक तुमचा. पूर्वी याचे धडे चीनच्या अलीएक्स्प्रेसवरून दिले जात. भारत सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये त्या अ‍ॅपवर बंदी घातली, तरी जुन्याच धड्यांची भाषांतरे अजून फिरत आहेत.

पुन्हा फळ्याकडे या. हेही उदाहरणाचे आकडे. वस्तू तुम्हाला ३५० रुपयांना पडते, तुम्ही ती ७९९ ला विकता. कोणालाही वाटेल की एका वस्तूमागे ४४९ रुपये सुटले. पण तुमचे दुकान रस्त्यावर नाही, त्यामुळे ग्राहक जाहिरात देऊनच आणावा लागतो. एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च २०० रुपये आणि कुरिअर ८० रुपये धरा. आपल्याकडे बरेच ग्राहक माल हातात आल्यावरच पैसे देतात. त्यातले काही दारातूनच पार्सल परत पाठवतात, काही फोन उचलत नाहीत. शंभरातली तीस पार्सले परत आली असे समजा.

शंभर ऑर्डरींची जाहिरात झाली २०,००० रुपयांची. पोहोचलेल्या ७० वस्तूंची खरेदी २४,५०० ची. जाण्याचे कुरिअर ८,०००, परत येण्याचे २,४००. एकूण खर्च ५४,९००. सत्तर ग्राहकांकडून आले ५५,९३०. हातात उरले १,०३० रुपये. त्यात वेबसाइटचे भाडे धरलेले नाही, आणि परत आलेला माल पुरवठादाराने कुरकुर न करता घेतला असे मानले आहे. दोन ग्राहकांनी ‘रंग वेगळाच आला’ म्हणून पैसे परत मागितले, तर १,५९८ रुपये गेले आणि तुम्ही तोट्यात आलात.

आता लक्षात घ्या, हाच माणूस आपल्या मोबाइलचा स्क्रीनशॉट दाखवून म्हणू शकतो, ‘या आठवड्यात ७९,९०० रुपयांच्या ऑर्डरी!’ आकडा खोटा नाही. पण ती ऑर्डरींची बेरीज आहे, कमाई नव्हे. विक्री आणि नफा यांतला फरक आपण सातवी-आठवीत शिकवतो. तो मुलांच्या डोक्यात पक्का बसला असता, तर अर्ध्या जाहिराती फुकट गेल्या असत्या.

याच्या उलट उदाहरण आपल्याच घरांत आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोने आपला जम बसवला तो व्हॉट्सअ‍ॅपवरून ड्रेस मटेरियल आणि साड्या विकणाऱ्या बायकांच्या बळावर. माल कंपनीकडून येतो, आपा त्यावर आपले पन्नास-शंभर रुपये लावते. ही एक प्रकारची ड्रॉपशिपिंगच. तिचा जाहिरातीचा खर्च मात्र शून्य असतो, कारण तिची गिऱ्हाइके तिला ओळखतात. पार्सलही सहसा परत जात नाही, कारण उद्या मोहल्ल्यात एकमेकींना तोंड दाखवायचे असते. ओळख आणि विश्वास हेच तिचे भांडवल. अनोळखी ग्राहकाच्या मागे धावणाऱ्याला तेच भांडवल जाहिरातीच्या पैशांनी विकत घ्यावे लागते, आणि तिथेच त्याचा नफा संपतो.

शरीअतचा प्रश्न अर्धा विचारू नका

‘सर, जायज आहे का?’ याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि मी मुफ्तीही नाही. पण प्रश्न कुठे अडतो तेवढे सांगतो.

हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) हे मक्केचे व्यापारी होते. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते, की गिऱ्हाईक येऊन अशी वस्तू मागते जी माझ्याजवळ नसते, मी सौदा करून मग बाजारातून ती आणून देऊ का? उत्तराचा आशय असा होता, की जे तुझ्याजवळ नाही ते विकू नकोस. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या हदीस संग्रहांत ही रिवायत आहे. चौदाशे वर्षांपूर्वी विचारलेला हा प्रश्न आजच्या ड्रॉपशिपिंगचाच आहे, फक्त बाजाराच्या जागी वेबसाइट आली.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. ज्या मालावर माझा ताबा नाही, जो मी हातात धरून पाहिलेला नाही, जो पुरवठादार पाठवील की नाही याची मला खात्री नाही, त्याची किंमत मी घेतो. माल आला नाही किंवा खराब आला, तर भांडण ठरलेले. फिकहच्या भाषेत याला ‘गरर’ म्हणतात, म्हणजे ज्याचे काय होईल ते माहीत नाही असा सौदा.

पण मार्ग बंद नाहीत. पहिला मार्ग वकालतीचा. पुरवठादाराशी लेखी ठरवा, की मी तुमचा प्रतिनिधी म्हणून माल विकतो आणि माझे कमिशन अमुक. मग तुम्ही मालक असल्याचा आव आणत नाही. दुसरा मार्ग ‘सलम’चा. मदीनेत लोक खजुराचे पैसे आगाऊ देत, तेव्हा प्रेषितांनी (स.) माप, वजन आणि मुदत पक्की करायला सांगितले. म्हणजे वस्तूचे पूर्ण वर्णन, पोहोचवण्याची तारीख आणि संपूर्ण किंमत आधी. माल आल्यावर पैसे देण्याची पद्धत यात बसत नाही, हे ध्यानात ठेवा. तिसरा मार्ग सर्वांत साधा. ग्राहकाची फक्त मागणी नोंदवा, माल आपल्या ताब्यात घ्या, पाहा आणि मग सौदा पक्का करा. वीस नग घरात आणून ठेवले तरी चालते.

तपशिलांवर उलेमांमध्ये मतभेद आहेत. म्हणून आपल्या विश्वासातल्या आलिमांकडे जा आणि पैसे कोण कधी देतो, माल कोणाच्या ताब्यात असतो, परत आला तर नुकसान कोणाचे, हे सगळे सांगा. ‘ऑनलाइन धंदा जायज आहे का’ असा अर्धा प्रश्न विचारला, की उत्तरही अर्धेच मिळते.

अ‍ॅफिलिएटच्या कामात ताब्याचा प्रश्न येत नाही, कारण तुम्ही विक्रेते नसता. तिथे दोन प्रश्न आहेत. वस्तू हलाल आहे का, आणि तुम्ही तिच्याविषयी खरे बोलता का. कर्ज देणारी अ‍ॅप, क्रेडिट कार्ड, सट्ट्याचे खेळ यांचे कमिशन बहुतेक वेळा पुस्तकाच्या किंवा कुकरच्या कमिशनपेक्षा जास्त असते. कसोटी तिथेच लागते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली. पण आपल्याला जुगार हराम आहे हे समजण्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नव्हती. तरीही काही मुले व्याज आणि सट्ट्याच्या लिंका टेलिग्रामवर टाकतात आणि जुम्याला पहिल्या सफमध्ये उभी राहतात. हे मला खटकते, आणि ते बोललेच पाहिजे.

खरेपणाबद्दल एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी विचारले की, मग ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते! आज राशीच्या वरचे कोरडे धान्य म्हणजे वस्तूचा सजवलेला फोटो आणि विकत घेतलेले पाच तारे.

कायदाही आता हेच सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करणारा माणूसही त्यातून सुटत नाही. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, कंपनीकडून लाभ मिळत असेल तर तो स्पष्ट सांगावा लागतो. मुले म्हणतात, ‘सर, कमिशन मिळते असे लिहिले तर कोण क्लिक करेल?’ माझे उत्तर असे, की जो तरीही क्लिक करेल तोच तुमचा खरा ग्राहक. बाकीचे एकदा येऊन फसतील आणि परत फिरकणार नाहीत.

खरा खड्डा तिसऱ्या धंद्यात

आता त्या शिकवणीच्या धंद्याकडे येऊ. शिकवण्याचे पैसे घेणे गैर नाही, मीही शिक्षक आहे. पण कोर्स घेतल्यावर तुम्हाला काय विकायला सांगतात ते पाहा. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने अम्मीच्या कानातले गहाण ठेवून बारा हजारांचा ‘अ‍ॅफिलिएट कोर्स’ घेतला. चार व्हिडिओ पाहून झाल्यावर तिला कळले, की तिने विकायची वस्तू म्हणजे तोच कोर्स. आणि ग्राहक कोण? तिच्या खालाच्या, मामूच्या मुली. तिने नकार दिला, तेव्हा ग्रुपवर तिला ‘छोटी सोच’ म्हणून हिणवले गेले. पैसे परत मिळाले नाहीत.

याचेही गणित आहे. प्रत्येकाने फक्त तीन जण आणायचे असे धरा. पहिल्या पायरीवर ३, मग ९, मग २७. सातव्या पायरीवर २,१८७. बाराव्या पायरीवर ५,३१,४४१ लोक लागतात. २०११ च्या जनगणनेत सगळ्या मालेगाव शहराची लोकसंख्या याहून कमी होती! म्हणजे साखळी तुटणार हे ठरलेलेच असते, आणि ती तुटते तेव्हा सर्वांत जास्त लोक शेवटच्या पायरीवर असतात. त्यांचेच पैसे वरच्यांनी वाटून घेतलेले असतात. अशा पैसा फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ च्या कायद्यानेच बंदी आहे, आणि डिसेंबर २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिड योजना चालवण्यास मनाई केली आहे.

आपल्या समाजात या साखळ्या वेगाने का पसरतात? कारण आपली नातीगोती घट्ट आहेत. भाईजानने सांगितले म्हणजे खरे असेल, या भरवशावर पैसे दिले जातात. वर काही जण ‘बरकत’, ‘हलाल इन्कम’ असे शब्द लावतात आणि दाढी-टोपीवाल्याचा फोटो छापतात. दीनच्या नावाने विकला जाणारा माल तर दुप्पट काळजीने तपासला पाहिजे. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे सरकारी क्रमांक आहेत. १९३० वर जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त.

ज्यांना हे काम करायचेच आहे

त्यांना माझे सांगणे थोडके आहे. कर्ज काढून किंवा दागिने मोडून सुरू करू नका. शिक्षण किंवा हातातले काम सोडू नका, रोजचा एक तास द्या. पहिले सहा महिने मोफत मिळणाऱ्या माहितीवर शिका, ती पुरेशी आहे. वही ठेवा, आणि वहीत विक्रीचा नव्हे, खर्च वजा केलेल्या रकमेचा रकाना मोठा ठेवा.

माल विकायचाच असेल तर परक्या गोदामाचा कशाला? मालेगाव-भिवंडीचे कापड, सोलापूरची चादर, कोल्हापुरी चप्पल, औरंगाबादची हिमरू शाल ही आपल्या आसपासची कारागिरी आहे. लूम चालवणाऱ्या घरातला मुलगा मोबाइलवर कुठल्या तरी प्लास्टिकच्या खेळण्याची जाहिरात करतो आणि अब्बांनी विणलेला माल मधला व्यापारी पडेल भावात उचलतो, हे दृश्य मला बघवत नाही. तो माल त्याने हात लावून पाहिलेला आहे, त्याची विण त्याला समजते, तो त्याच्या ताब्यातही आहे. शरीअतचा अडसर इथे आपोआप दूर होतो आणि ग्राहकाला खरे सांगता येते.

हेही ध्यानात ठेवा, की ग्राहकापुढे जबाबदार तुम्ही आहात; ‘पुरवठादाराने पाठवलेच नाही’ हे उत्तर चालत नाही. ऑनलाइन विक्रेत्याने आपले नाव, पत्ता, माल परत घेण्याच्या अटी, माल कोणत्या देशात बनला, हे सांगणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. राज्याबाहेर माल विकायचा तर साधारणपणे उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. एकदा सीएकडे जाऊन सगळे समजून घ्या. त्याची फी त्या बारा हजारांच्या कोर्सपेक्षा नक्की कमी असेल.

शेवटी शाळांना, अंजुमनांना आणि मशिदीच्या जबाबदार मंडळींना विनंती. करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमात आपण डॉक्टर-इंजिनिअर बोलावतो. एक सत्र मोहल्ल्यातल्या प्रामाणिक दुकानदाराचे ठेवा. त्याने मुलांसमोर खरेदी, भाडे, उधारी, परत आलेला माल आणि उरलेला नफा फळ्यावर मांडावा, आणि शेजारी आलिमांनी सौद्याचे मसले सांगावेत. दोन तासांचे काम आहे, खर्च चहाचा. येत्या निकालाच्या आधी एवढे झाले, तर काही घरांतले कानातले तरी गहाण पडायचे वाचतील.